दहातली एक

९ जानेवारी

ती. मामा,

पाचवी आले. संघात चौघींना घेतात, तेव्हा पाचवी म्हणजे चौघींसाठी टाळ्या वाजवणारी. वाजवल्या.

पहिल्या दोन फैरी झाल्या तेव्हा मी दुसरी होते. तिसऱ्या फैरीत तिसरी गोळी सुटली आणि रिकामी पुंगळी पिस्तुलातच अडकून बसली. बाहेर उडायची ती निघेचना. जाम झालेला ड्रॉवर ओढावा तशी मी ओढत राहिले. निघाली तेव्हा वेळ संपली होती आणि दोन गोळ्या तशाच शिल्लक होत्या. नंतर ती पुंगळी बघितली तर तोंडाशी चिरलेली. हे आधी बघायला हवं होतं असं तू लिहिणारच आहेस, म्हणून मीच लिहून टाकते.

फोनवर सांगितलं असतं. पण चाळीस वर्षं लोकांच्या बंदुका दुरुस्त करून आणि प्रत्येक बंदूक स्वतः झाडून बघून तू कानांची जी वाट लावून घेतली आहेस, तिच्यापुढे फोनचं काय चालणार? मागच्या वेळी मी तब्येत विचारली आणि तू ‘मंगळवारी’ म्हणालास.

माझ्याबरोबर खोलीत राहते ती डावरी, डाव्या हाताने पिस्तूल चालवणारी, तिसरी आली. लाँड्रीच्या वरची आमची खोली एवढीशी आहे की एकीने आनंद करावा आणि दुसरीने रडावं एवढी जागाच नाही. म्हणून तिने आनंद केलाच नाही. दोघी बसून चहा प्यायलो.

३० मार्चला दुसरी निवड चाचणी आहे. दोन्हींचे गुण मिळवून संघ ठरतो. चौथीच्या मी फक्त चार गुणांनी मागे आहे. वय बघता पुढच्या खेपेला मला कोणी विचारणार नाही, हे कोचबाईंनी तोंडावर सांगितलं. पुंगळ्या नव्या घे, एकाच कारखान्याच्या आणि एकाच खेपेच्या, असंही त्या म्हणाल्या. दुकानदार म्हणतो नव्या यायला चार महिने लागतील, तोवर गोणीतल्या घ्या. गोणीतल्या म्हणजे रेंजवर झाडू मारून गोळा केलेल्या, पंधरा जातींच्या. त्यातल्याच एकीने माझा घात केला. आता काय करू सांग.

तुझी,
टिकली


२० जानेवारी

चि. टिकली,

पाचवी आलीस याचं वाईट वाटलं. त्याहून वाईट याचं वाटलं, की माझ्यापुढे फतकल मारून पुंगळ्या निवडायला शिकलेली पोरगी गोणीतला केर भरून मैदानात उतरली. कोचबाईंना माझा नमस्कार सांग. त्या बरोबर बोलतात.

आता नीट वाच. पुंगळी ही एकदा वापरून फेकायची वस्तू नाही, आणि जन्मभर पुरणारीही नाही. स्फोट झाला की ती फुगते, पुन्हा दारू-गोळी भरताना आपण तिला दाबून जागेवर आणतो. असं आठ-दहा वेळा झालं की पितळ थकतं. म्हणून पहिलं काम, बुडावरचा शिक्का बघायचा. चांदणीचा शिक्का असलेल्या घ्यायच्या. त्यांचं बूड जाड असतं, ठिणगी पाडणारी टोपी घट्ट बसते. चाकाच्या शिक्क्याच्या दिसायला झकपक, पण बूड मऊ. त्या चार वेळांतच ढिल्या पडतात. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस.

दुसरं, तोंडाशी नख फिरव. चीर असेल तर नख अडतं. तिसरं, गोळी बसवलीस की अंगठ्याने दाबून बघ. आत सरकली तर ती पुंगळी बाद. चौथं सगळ्यात महत्त्वाचं. बुडाच्या जरा वर गोल फिरलेली एक बारीक चकाकती रेघ दिसली, तर तिथे आतून पितळ पातळ झालंय. पुढच्या वेळी ती तिथेच फाटणार आणि सगळा भडका हातात येणार. ही रेघ बोटाला लागत नाही. उजेडाकडे धरून, फिरवून, डोळ्यांनीच बघावी लागते.

नव्या येईपर्यंत थांबू नकोस. माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत चांदणीच्या आहेत, दोनदाच वापरलेल्या. त्यातून सहाशे निवडून पाठवतो. मला दुसरा उद्योग काय आहे? झाडून झाल्या की सगळ्या परत पाठव. पुसू नकोस, धुऊ नकोस. तुझ्या पिस्तुलाची तब्येत मला त्यांच्यावरूनच कळते.

मामी म्हणते, जेवत जा.

तुझा मामा


१२ फेब्रुवारी

ती. मामा,

डबा मिळाला. फडक्यात गुंडाळलेल्या पन्नास-पन्नासच्या बारा पुरचुंड्या. उघडल्याबरोबर तुझ्या वर्कशॉपचा वास आला, तेलाचा आणि तुझ्या तपकिरीचा. डावरी शिंकली.

आणि सापडली हं. तू काय समजलास, मी विसरले असेन? पहिल्याच पुरचुंडीत, चांदण्यांच्या मधे चोरासारखी बसलेली चाकाच्या शिक्क्याची एक. मी एवढ्या मोठ्याने हसले की खालचा लाँड्रीवाला वर बघायला आला. डावरीला मग सगळं सांगितलं. मी सात-आठ वर्षांची असताना तू माझ्यापुढे दहा पुंगळ्या मांडायचास, नऊ चांगल्या आणि एक खराब. खराब सापडली की खेळ संपला, बिस्कीट मिळालं. नाही सापडली तर तू घड्याळाकडे बघत बसायचास, आणि मला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागायचं. सहाशेतही तू एक टाकणार हे मला कळायला हवं होतं. सापडली म्हणजे मी सुटले. बाकीच्या आता डोळे मिटून भरतेय.

काल चाळीस झाडल्या. एकही अडकली नाही. लक्ष्यावरची सगळी भोकं बशीखाली झाकली जातील एवढ्या जागेत. कोचबाईंनी पुंगळी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि नुसतं ‘हं’ म्हणाल्या. त्यांचं ‘हं’ म्हणजे दुसऱ्यांचा हार.

पण मामा, तुझ्या पत्रातल्या ओळी सगळ्या उजवीकडे घसरल्यात. दोन तर एकमेकींच्या अंगावर चढल्यात. पेन बदल.

तुझी,
टिकली


२४ फेब्रुवारी

चि. टिकली,

शाबास. सापडली तर.

ओळींचं म्हणशील तर टेबलाचा एक पाय डुगडुगतो. करायचाय, करायचाय म्हणता राहून जातंय.

बशीखाली झाकली जातील म्हणतेस, पण बशी कुठली? आमच्याकडे परातीएवढ्या बशा आहेत. तरी बरं वाटलं. वेळ मिळेल तेव्हा बाकीच्या पुंगळ्याही एकदा उजेडात धरून बघ. सवय सुटू नये म्हणून सांगतो, दुसरं काही नाही. झाडलेल्या परत पाठव.

तुझा मामा


७ मार्च

ती. मामा,

घाईत लिहितेय. सवय सुटलेली नाही, काळजी नको. दिवसाला ऐंशी गोळ्या झाडतेय. मनगट सुजलंय पण नेम असा बसलाय की माझाच विश्वास बसत नाही. तुझं ‘शाबास’ कापून आरशाच्या कडेला खोचून ठेवलंय. दात घासताना बघते.

डावरीच्या पुंगळ्या संपल्या आणि तिच्या नव्या अजून आल्या नाहीत. तुझ्यातल्या न उघडलेल्या दोन पुरचुंड्या तिला दिल्या. तिने विचारलं, बघून घेऊ का? म्हटलं, माझ्या मामाच्या हाताखालून गेल्यात, वर त्यातली एक खोटी मला सापडून झाली. आता बघायचंय काय? तुला विचारलं नाही, पण तू नाही म्हणाला नसतास.

तुझी,
टिकली


४ एप्रिल

चि. टिकली,

३० तारीख होऊन गेली. रोज पोस्टमनची वाट बघतोय. तो आता आमच्या घरासमोरून मान खाली घालून जातो. हरली असशील तर हरले म्हणून लिही, मी काय खाणार आहे तुला? आणि जिंकून विसरली असशील तर कान उपटीन.

मामीने दोनदा फोन लावला. वाजतो, कोणी उचलत नाही. झाडलेल्या पुंगळ्याही आल्या नाहीत. दोन ओळी टाक. जीव टांगणीला लागलाय.

तुझा मामा


१५ एप्रिल

ती. मामा,

कितीदा लिहायला बसले आणि फाडलं. आता एका दमात लिहिते.

१९ मार्चला सकाळी आम्ही दोघी सरावाला उभ्या होतो. ती माझ्या उजव्या हाताला, दुसऱ्या लेनमध्ये. तिची सहावी की सातवी गोळी. आवाज वेगळा आला, चपटा. मी वळून बघितलं तर तिच्या पिस्तुलाच्या मुठीची एक बाजू नव्हतीच. ती ओरडली नाही. डावा हात पुढे धरून, कुणाला काहीतरी दाखवायचं असावं तशी उभी होती. मग रक्त दिसलं.

चष्मा होता म्हणून डोळे वाचले. मुठीचे तुकडे तळहातात आणि पहिल्या बोटात घुसले. दोन ऑपरेशनं झाली. हात वाचला, पण त्या बोटाची नस कापली गेली होती. ती शिवली आहे. डॉक्टर म्हणतात बोट वाकेल, त्याला काही कळेल याची आशा धरू नका. घोडा दाबायचं बोट ते. त्याला कळलं नाही तर बाकी सगळं असून काय करायचं, हे तुला सांगायला नको.

ती संघात जाणारच होती, मामा. तिची जागा जवळजवळ पक्की होती. आता सकाळी मी तिच्या शर्टाची बटणं लावून देते आणि ती खिडकीबाहेर बघत असते.

पुंगळी बुडाजवळ फाटली होती, अर्धी गोल. रेंजच्या समितीने चौकशी केली. ती म्हणाली मीच भरल्या, चूक माझी. मी म्हटलं पुंगळ्या मी दिल्या, निवडल्याही मीच. तुझं नाव काढलं नाही. माझं रेंजचं ओळखपत्र एक वर्षासाठी काढून घेतलं. ३० तारखेला मी खोलीतच होते.

नंतर उरलेल्या सगळ्या पुंगळ्या टेबलावर ओतल्या आणि एकेक करून खिडकीत धरली. रेघ असलेल्या आणखी अकरा निघाल्या. अकरा, मामा. आणि चाकाच्या शिक्क्याच्या तीन.

म्हणून एकच विचारते. खरं सांग. तू किती टाकल्या होत्यास?

टिकली


२९ एप्रिल

चि. टिकली,

हे अक्षर मामीचं आहे, बोलणं माझं.

मी एकही टाकली नव्हती.

गेल्या वर्षी थंडी पडायला लागली तेव्हाच डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मधलं दिसणं गेलंय, कडेकडेचं राहील. मामीकडे बघितलं की मला तिचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. पुंगळी हातात धरली की बोटं दिसतात, पुंगळी दिसत नाही. तुझी पत्रं मामी माझ्या डाव्या कानात ओरडून वाचते. शेजाऱ्यांनाही ती पाठ झाली आहेत. मी लिहायचो ते ओळीखाली पट्टी धरून. टेबलाला काही झालेलं नाही.

तुझं जानेवारीतलं पत्र आलं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कान गेले, दुकान गेलं, आता एवढी एकच गोष्ट उरली होती की टिकली अडली तर मामाला विचारते. म्हटलं, बोटांनी निवडीन. शिक्का नखाने ओळखीन. ट्रंकेत दोन खण होते, एका बाजूला दोनदा वापरलेल्या, दुसऱ्या बाजूला टाकायला काढलेल्या. मधली फळी कधी निसटली होती, मला कळलं नाही. मी दोन्हींतून उचलत गेलो असणार.

रेघ बोटाला लागत नाही, हे मीच तुला लिहिलं. ते लिहिताना मला माहीत होतं मी काय लिहितोय.

चाकाची एक सापडली असं तू हसत लिहिलंस. मामी वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, आता तरी खरं कळवा. मी हो म्हटलं. पट्टी घेऊन बसलो आणि शाबास लिहिलं. एक सापडली की तू बाकीच्या बघणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तो खेळ मीच तुला शिकवला होता. म्हणून पुढे ते सवयीचं वाक्य घातलं. तेवढ्याने भागेल असं स्वतःला समजावलं. भागणार नाही हेही कळत होतं.

त्या मुलीला काय सांगू? तिची माफी मागायला तोंड नाही. समितीला मी पत्र पाठवतो, सगळा दोष माझा आहे म्हणून. तुझं ओळखपत्र परत मिळायला हवं.

एक मागणं आहे. फळी आता खिळ्याने ठोकून घेतली आहे. अंगठा शाबूत आहे. वर्षाने तू पुन्हा उभी राहशील तेव्हा नव्या पुंगळ्या आधी माझ्याकडे पाठव. घाई करणार नाही. एकेकीला दहा मिनिटं देईन. हे काम नको काढून घेऊस.

मामा

ता. क. हे माझं स्वतःचं, मामीचं. मी हे सगळं बघत होते आणि गप्प बसले. मलाही धर त्यात.


२० मे

ती. मामा,

समितीला लिहू नकोस. जबाबदारी माझी असं मी सांगितलं, आणि ते खोटं नाही. निवडायचं काम माझं होतं, मी केलं नाही.

मला तुझा राग आलाय. डोळे गेल्याचा कसा येईल? त्याबद्दल तर मी दोन दिवस रडले. राग ‘शाबास’चा आहे. दोन महिने मी तो शब्द बघून दात घासले. ज्या दिवशी ती हात पुढे धरून उभी राहिली, त्या दिवशी सकाळीही बघितला होता.

तुझं पत्र डावरीला वाचून दाखवलं. तिला कळायलाच हवं होतं. मला वाटलं ती उठून जाईल. ती बराच वेळ उजव्या हाताने डाव्या हाताचं बोट चोळत बसली. त्याला काही कळत नाही तरी चोळते. मग म्हणाली, “त्यांना लिही, मीही बघितल्या नव्हत्या.” एवढंच. शनिवारी ती घरी गेली, कायमची. पिस्तूल माझ्या कपाटात ठेवून गेली. खोलीत आता जागाच जागा आहे.

तुझ्या मागण्याचं उत्तर. सोबत छोट्या डबीत दहा पुंगळ्या आहेत. नऊ चांगल्या आणि एक खराब. तुला चिमटा काढायला पाठवत नाहीये, मामा, खरंच नाही. हवा तेवढा वेळ घे. मामीने सांगायचं नाही, मामी, तुला शपथ आहे. सापडली तर पुढच्या वर्षीपासून माझ्या पुंगळ्या निवडणारा तूच, हा माझा शब्द. नाही सापडली तर काय करायचं, ते तूच ठरव.

टिकली


८ जून

चि. टिकली,

मामीचं अक्षर, माझं बोलणं. तिने शपथ पाळली. डबी उघडली तेव्हा ती उठून बाहेर गेली.

पाच दिवस घेतले. सकाळचं ऊन खिडकीशी येतं तिथे स्टूल टाकून बसलो. पहिल्या दिवशी शिक्के तपासले, दहाही चांदण्या. दुसऱ्या दिवशी तोंडं, एकीलाही चीर नाही. तिसऱ्या दिवशी तार वाकवून आतून फिरवली. जिभेला लावून बघितलं, आता काय लपवायचं तुझ्यापासून? चौथ्या दिवशी एकीवर मन बसलं. तिच्या बुडाजवळ काहीतरी वेगळं आहे असं वाटलं. ती बाजूला ठेवली, परत आत मिसळली, पुन्हा शोधली, तर दुसरीच हातात आली. पाचव्या दिवशी नुसता धरून बसलो.

मामीने विचारलं, काय लिहू? अंदाजाने एक सांगता आली असती. दहातली एक. नशीब असतं तर बरोबरही आली असती, आणि तू शब्दाला जागली असतीस. माझ्या मनात ते आलं, हे कबूल करतो. पुरता दिवसभर मनात होतं. मग त्या मुलीचं बोट आठवलं, ज्याला चोळलेलं कळत नाही.

सापडली नाही.

जाडी मोजायचा व्हर्नियर, वाकडी तार आणि तोंड तासायची कानस वेगळी बांधून पाठवतो. व्हर्नियर शून्यावर नीट बसत नाही, केसभर पुढे राहतो, तेवढं धरून मोजत जा. ट्रंकेतल्या सगळ्या पुंगळ्या काल भंगारवाल्याला समोर बसवून हातोडीने चेपायला लावल्या. एकही अख्खी जाऊ दिली नाही. मामी मोजत उभी होती.

तुझ्या दहा तेवढ्या राहिल्यात. खराब कुठली ते कळव, म्हणजे मामी ती चेपील. तोवर दहाच्या दहा बाजूला ठेवल्या आहेत. डबीला चिकटपट्टी लावली आहे आणि वर मामीकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय, कोणी भरू नये.

मामा